जुन्या गाडीची स्टेपनी आणि पंक्चर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विदर्भातील अनेक गावांत आजही ॲम्बेसेडर, प्रीमियर पद्मिनी किंवा महिंद्राची जुनी जीप नुसती उभी नसते, तर बाजारहाटाला, लग्नाकार्याला आणि शेतावर नियमित जाते. अशा गाड्या सांभाळणाऱ्या मंडळींकडून चाक, ट्यूब आणि स्टेपनीविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. एका उत्तरातील मुद्दा दुसरीकडे लागत असेल, तर तेथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. पंक्चरचे दुकान तर प्रत्येक फाट्यावर असते. मग जुन्या गाडीत स्टेपनी बाळगायलाच हवी का?

हवीच. फाट्यावरचा कारागीर ट्यूबला पॅच लावून देईल, परंतु टायरच फाटला असेल तर त्याच्याकडे आपल्या मापाचा टायर नसतो. ॲम्बेसेडरचे मूळ माप ५.९०-१५, पद्मिनीचे ५.२०-१४ आणि जुन्या जीपचे ६.००-१६ असे आहे. यांपैकी शेवटचे माप तालुक्याच्या गावी मिळू शकते. पहिल्या दोन मापांसाठी मात्र नागपूर, अमरावतीसारख्या शहरात चौकशी करावी लागते आणि तेथेही बहुधा मागणी नोंदवून थांबावे लागते. ॲम्बेसेडरचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले आणि पद्मिनीचे त्याच्याही कितीतरी आधी, त्यामुळे ही मापे दुकानदार आता साठ्यात ठेवत नाहीत.

दुसरे कारण ट्यूबचे आहे. ट्यूबलेस टायरमध्ये खिळा रुतून बसला तर हवा हळूहळू जाते आणि गाडी बरेचदा दुकानापर्यंत पोहोचते. ट्यूबच्या टायरमध्ये भोक पडले की हवा ट्यूब आणि टायर यांच्या मधल्या फटीतून, तसेच व्हॉल्व्हच्या भोकातून झपाट्याने बाहेर पडते. पऱ्हाटीचे किंवा तुरीचे धसकट लागले, तर पांदणीतून डांबरी रस्त्यावर येईपर्यंत चाक बसलेले असते.

२. नव्या गाड्यांना स्टेपनीची सक्ती नाही असे ऐकले. ही सवलत माझ्या गाडीला लागू आहे का?

नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२० मध्ये झालेल्या दुरुस्तीने स्टेपनी न ठेवण्याची मुभा दिली, ती ट्यूबलेस टायर, ते दुरुस्त करण्याचे किट आणि टायरमधील हवेचा दाब सतत दाखवणारी यंत्रणा या गोष्टी असलेल्या वाहनांसाठी आहे. ट्यूबच्या टायरवर चालणाऱ्या गाडीत यांतील काहीच नसते. पन्नास वर्षांहून जुन्या गाडीची २०२१ च्या नियमांनुसार ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी केली असली, तरी त्यामुळे टायरच्या बाबतीत सूट मिळते असे समजू नये. उलट अशी नोंदणी झालेली गाडी रोजच्या किंवा व्यावसायिक वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही, हेही लक्षात ठेवावे.

३. डिकीत स्टेपनी आहे, पण ती कामाची आहे की नाही हे कसे ओळखावे?

बहुतेक जुन्या गाड्यांत गोटा झालेला, म्हणजे नक्षी झिजून गुळगुळीत झालेला टायर स्टेपनी म्हणून टाकून दिलेला असतो. ही सवय मोडणे या पानावरील सर्वांत महत्त्वाची सूचना आहे. स्टेपनी हे गाडीचे पाचवे चाक आहे, आणि ते उरलेल्या चारांच्या बरोबरीचे असले पाहिजे.

प्रथम माप पाहावे. ते चालत्या चाकांइतकेच असावे. मोटारीच्या टायरची नक्षी नियमाप्रमाणे किमान १.६ मिलिमीटर खोल असावी लागते आणि स्टेपनी रस्त्यावर आली की तिलाही हाच नियम लागतो. त्यानंतर टायरच्या बाजूवर छापलेला चार आकडी क्रमांक शोधावा. त्यातील पहिले दोन आकडे आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष सांगतात, म्हणजे २३१९ असे असेल तर तो टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. नक्षी पूर्ण शाबूत असूनही बाजूच्या रबराला बारीक भेगा पडल्या असतील, तर त्या टायरवर भरवसा ठेवू नये. जीपच्या मागे किंवा बाजूला उघड्यावर टांगलेली स्टेपनी आपल्याकडच्या उन्हात न चालताच म्हातारी होते. तिला जाड कापडाचे आवरण घालावे.

हवा महिन्यातून एकदा तपासावी आणि चालत्या चाकांपेक्षा चार-पाच पीएसआय (हवेचा दाब मोजण्याचे एकक) अधिक ठेवावी. जास्तीची हवा सोडता येते. कमी पडलेली हवा शिवारात कोठून आणणार? पाचही टायर एकाच जातीचे आणि मापाचे असतील, तर काही हजार किलोमीटरनंतर स्टेपनीही पाळीपाळीने चालवावी. त्यामुळे ती पडून वाळत नाही आणि तिची रिम हबवर (ॲक्सलच्या टोकाचा, चाक बसवायचा भाग) नीट बसते की नाही, हेही घरच्या घरी कळते.

४. सोबत कोणते सामान ठेवावे?

नटाला घट्ट बसणारा पाना, पान्यावर चढवायला हातभर लांब लोखंडी पाइप, जॅक, त्याखाली ठेवायची फळी (प्रश्न ५), चाकांना लावायच्या दोन लाकडी उटी, योग्य मापाची नवी ट्यूब, दोन टॉमी (टायर रिमवरून काढायच्या लोखंडी पट्ट्या), पायाने मारायचा पंप, स्वतःचा हवा मोजण्याचा गेज, परावर्तक लाल त्रिकोण आणि हातातली बॅटरी (टॉर्च), एवढे पुरे. दुकानातील गेजवर विसंबू नये. ट्रॅक्टर आणि ट्रकच्या चाकांत हवा भरून भरून त्यांचे काटे पुष्कळदा चुकीचे दाखवतात. लग्नसराईत गाडी भरताना स्टेपनी आणि जॅक सामानाच्या तळाशी दडपू नयेत.

५. पावसाळ्यात काळ्या मातीत जॅक रुततो आणि गाडी वर उचललीच जात नाही. काय करावे?

आपल्या भागातील हा सर्वांत खरा आणि सर्वांत धोक्याचा प्रश्न आहे. कपाशीची काळी जमीन ओली असताना जॅकचा लहानसा तळ तिच्यात सरळ उतरतो. उन्हाळ्यात तीच जमीन दगडासारखी कडक वाटते, पण भेगेच्या काठावर ठेवलेला जॅक वजन येताच कलतो. त्यामुळे चाक थोडे खराब झाले तरी चालेल, पण गाडी शक्य तेवढी सावकाश मुरमाच्या किंवा डांबराच्या सपाट जागेवर न्यावी. ते शक्य नसेल तर जॅकखाली किमान एक फूट लांब-रुंद आणि इंचभर जाड अशी सागाची किंवा बाभळीची फळी ठेवावी. वीट कधीही ठेवू नये, कारण ती वजनाखाली अचानक फुटते. गोल दगड घसरतो.

फळी आली की उंचीचे गणित बदलते, आणि ते घरीच सोडवून ठेवावे लागते. ॲम्बेसेडर, पद्मिनी आणि जीप या तिन्ही गाड्यांना मागे पाट्यांच्या स्प्रिंगवर बसलेला अखंड ॲक्सल आहे. मागचे चाक काढताना जॅक या ॲक्सलखाली, स्प्रिंगच्या जवळ लावता येतो. मात्र चाकातील हवा गेल्यावर ॲक्सल खाली येतो आणि बाजारात घेतलेला बाटली जॅक फळीसकट त्याखाली शिरत नाही. म्हणून अंगणात चाकाची हवा पूर्ण सोडून एकदा तालीम करावी. आपला जॅक खाली शिरतो का, आणि पूर्ण उचलल्यावर हवा भरलेली स्टेपनी बसण्याइतकी जागा होते का, या दोन्ही गोष्टी त्यात कळतात. रस्त्यात जागा थोडीच कमी पडली, तर जॅक धोकादायक टोकापर्यंत ताणण्यापेक्षा चाकाखालची माती विळ्याने किंवा खुरप्याने उकरावी; स्टेपनी आरामात बसते.

गाडीच्या बाजूच्या खाचेत अडकवायचा जुना जॅक वापरणाऱ्यांनी ती खाच आणि भोवतीचा पत्रा गंजलेला नाही ना, हे आधी पाहावे. पत्रा सडला असेल तर जॅक वर जातो आणि गाडी तेथेच राहते. काढलेले चाक गाडीखाली आडवे सरकवून ठेवावे, म्हणजे जॅक निसटला तरी गाडी त्यावर टेकेल. जॅकवरच्या गाडीखाली अंग घालू नये, हे सांगण्याची गरज पडू नये. तरीही ते सांगितलेच पाहिजे.

६. हँडब्रेक लावलेला असूनही मागचे चाक उचलताच जीप पुढे सरकली. ब्रेक बिघडला आहे का?

बहुधा ब्रेक ठीक असतो. जुन्या विलीज बनावटीच्या जीपमध्ये हँडब्रेक मागच्या चाकांवर नसून गिअरच्या पेटीमागे, प्रॉपेलर शाफ्टवर, म्हणजे मागच्या ॲक्सलला ताकद पोहोचवणाऱ्या दांड्यावर असतो. तो शाफ्टला घट्ट धरतो. परंतु एक मागचे चाक हवेत गेले की डिफरन्शियलमुळे (दोन्ही चाकांना वेगवेगळे फिरू देणारी ॲक्सलमधील गिअरची जोडणी) ते चाक उलटे फिरू शकते, आणि त्याच वेळी जमिनीवरचे दुसरे चाक पुढे घरंगळते. शाफ्ट जागचा हलत नाही, तरी जीप मात्र चालू लागते. गाडी गिअरमध्ये ठेवली तरी हेच होते, कारण गिअरही शाफ्टलाच धरतो. ज्या गाड्यांचा हँडब्रेक थेट मागच्या चाकांवर आहे, त्यांच्यातही एक चाक उचलल्यावर धरायला दुसरे एकच चाक उरते.

म्हणून जीपच्या चाकांना दोन्ही बाजूंनी उटी लावल्याखेरीज जॅकला हात लावू नये. जीप चारही चाकांना ताकद देणारी असेल, तर फोर-व्हील टाकून गिअरमध्ये उभी करावी. मग जमिनीवरची पुढची दोन चाके तिला धरून ठेवतात. पुढच्या हबला लॉक असतील तर ते लावलेले असले पाहिजेत. चढावर किंवा नाल्याच्या उतारावर हे सारे करूनही चाक बदलू नये.

७. चाकाचे नट सुटतच नाहीत. उलट जोर लावला की अधिक घट्ट होतात. असे का?

आधी नट कोणत्या दिशेने फिरतो ते पाहावे. लष्करी विलीज जीप, तिच्यावरून आलेल्या काही जुन्या जीप आणि जुन्या डॉज, प्लिमथसारख्या अमेरिकन गाड्या यांच्या डाव्या बाजूच्या चाकांना उलटे आटे असतात. ते नट घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवल्यावर सुटतात. स्टडच्या, म्हणजे नट ज्यावर चढतो त्या बोल्टच्या टोकावर किंवा नटावर ‘एल’ हे रोमन अक्षर कोरलेले असेल तर हा प्रकार आहे असे समजावे. पुढे कधीतरी स्टड बदललेले असतील तर एकाच गाडीत दोन्ही प्रकार सापडतात. आपल्या गाडीचे काय आहे ते घरीच तपासून डिकीच्या झाकणाच्या आत रंगाने लिहून ठेवावे, कारण पंक्चरवाल्या कारागिराला याची कल्पना नसते आणि तो पाइप लावून स्टड मोडून टाकतो.

आटे सरळ असूनही नट हलत नसतील तर गंज आहे. चाक जमिनीवर असतानाच नट ढिले करावेत, जॅकवर असताना नव्हे. गंज सोडवणारे तेल टाकून थोडे थांबावे आणि पान्यावर पाइप चढवून सावकाश जोर द्यावा. नट निघाले आणि चाकच हबला चिकटून बसले असेल, तर नट पुन्हा दोन-दोन आटे चढवून गाडी खाली घ्यावी आणि बाजूने हलवावी, चाक सुटते. जॅकवरच्या गाडीच्या चाकाला लाथ मारू नये.

बसवताना नटाची निमुळती बाजू रिमकडे ठेवावी, समोरासमोरचे नट आलटून पालटून आवळावेत आणि पन्नास ते शंभर किलोमीटर चालल्यावर ते पुन्हा एकदा आवळावेत.

८. पंक्चर काढून आणले, दोन दिवसांत पुन्हा त्याच चाकाची हवा गेली. कारागिराची चूक असते का?

कधी असते, परंतु अधिक वेळा बाभळीच्या काट्याचे टोक टायरमध्येच राहिलेले असते. काटा बाहेरून मोडतो, आतले अणकुचीदार टोक दिसत नाही आणि नवी ट्यूब तेथेच पुन्हा टोचली जाते. बोटाने चाचपण्याऐवजी टायरच्या आतून कापसाचा बोळा सर्वत्र फिरवावा. जेथे काटा असेल तेथे कापसाचे धागे अडकतात. ट्यूबमधील भोकाची जागा व्हॉल्व्हपासून मोजून टायरवर खूण केली, तर शोध आणखी सोपा होतो.

पॅच लावण्यापूर्वी रबर खरवडले का, सोल्यूशन बोटाला न चिकटण्याइतके वाळू दिले का, आणि बसवताना ट्यूबमध्ये थोडी हवा भरली का, या तीन गोष्टी स्वतः उभे राहून पाहाव्यात. रिकामी ट्यूब आत सारली तर ती टॉमीखाली चिमटते किंवा तिला घडी पडते. शंखजिऱ्याची पावडर लावली म्हणजे ट्यूब टायरला चिकटत नाही. शेवटी व्हॉल्व्ह सरळ उभा आहे ना, ते पाहावे. तिरपा असेल तर ट्यूब आत सरकली आहे आणि काही दिवसांत व्हॉल्व्हच्या मुळाशी फाटणार आहे. कमी हवेवर गाडी चालवल्यानेही ट्यूब अशीच सरकते.

९. जुन्या रिमवर ट्यूबलेस टायर टाकून ही कटकट कायमची मिटवता येईल का?

टायर टाकता येईल, पण आत ट्यूब ठेवावीच लागेल. ट्यूबलेससाठी बनवलेल्या रिमला टायरची कड जागेवर धरून ठेवणारा उंचवटा असतो. जुन्या रिमला तो बहुधा नसतो. वळणावर हवा कमी झाली तर कड आत घसरते आणि सगळी हवा एकदम जाते. रिव्हेट केलेल्या किंवा तारांच्या चाकांतून तर हवा झिरपतच राहते. ट्यूब टाकताना टायरची आतली बाजू गुळगुळीत आहे ना, हे पाहावे, कारण काही ट्यूबलेस टायरच्या आत उठावदार रेघा असतात आणि त्या ट्यूबला घासून पातळ करतात. पंक्चर बंद करणारे द्रव ट्यूबमध्ये ओतू नये. फाटलेली ट्यूब त्याने सांधत नाही आणि नंतर पॅच चिकटणे कठीण होते.

१०. चार नायलॉन टायर आहेत आणि स्टेपनी रेडियल आहे. चालेल का?

दुकानापर्यंत सावकाश जाण्यासाठी चालेल, त्यापुढे नाही. नायलॉन टायरच्या आतील धागे तिरपे, एकमेकांवर आडवे-उभे असतात आणि रेडियलचे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ असतात, त्यामुळे ते वळणावर वेगवेगळ्या प्रकारे दबतात. एकाच ॲक्सलवर दोन प्रकार असले तर गाडी ब्रेक मारताना आणि वळताना एका बाजूला ओढते. पुढचे चाक पंक्चर झाले असेल तर वेळ काढून मागचे नायलॉन चाक पुढे घ्यावे आणि रेडियल स्टेपनी मागे लावावी. जोड्या बदलायच्याच असतील तर रेडियलची जोडी नेहमी मागे ठेवावी. रेडियल टायरमध्ये रेडियलसाठीचीच ट्यूब घालावी.

११. जीपच्या मापाचा ट्रॅक्टरचा पुढचा टायर स्वस्तात मिळतो. तो स्टेपनीला लावू का?

लावू नये. ६.००-१६ हे माप अनेक ट्रॅक्टरांच्या पुढच्या चाकाचेही आहे आणि तो टायर जीपच्या रिमवर व्यवस्थित बसतो. नेमका तेथेच घात आहे. शेतीच्या टायरवर ‘ए ६’ किंवा ‘ए ८’ अशी वेगाची खूण असते आणि तिचा अर्थ अनुक्रमे ताशी ३० आणि ४० किलोमीटर असा आहे. त्याहून अधिक वेगाने तो तापतो. शिवाय त्याच्या लांब उभ्या धारा ओल्या डांबरावर ब्रेकला साथ देत नाहीत. धुऱ्यापासून गावापर्यंत बंडीच्या वेगाने यायचे असेल, तर अडचणीत तो वापरता येईल.

ट्यूबची गोष्ट निराळी आहे. ट्रॅक्टरच्या दुकानातील ६.००-१६ ची ट्यूब अडीअडचणीला उपयोगी पडते, फक्त व्हॉल्व्हची जाडी पाहावी. जाड दांड्याचा व्हॉल्व्ह रिमच्या लहान भोकात शिरत नाही, आणि बारीक व्हॉल्व्ह मोठ्या भोकात हलत राहून कापला जातो. व्हॉल्व्ह असा बारीक असेल तर भोकात रबरी बुश बसवावा.

१२. एप्रिल-मे महिन्यांत हवा कमी ठेवावी की जास्त?

गाडीच्या पुस्तिकेत सांगितली आहे तेवढीच, पण सकाळी, गाडी चालवण्याआधी मोजून. तापमान साधारण साडेपाच अंश सेल्सिअसने वाढले की दाब सुमारे एक पीएसआयने वाढतो. डिसेंबरच्या पहाटे दहा अंशांवर भरलेली हवा मे महिन्यातील पंचेचाळीस अंशांत सहा पीएसआयने अधिक दिसेल. म्हणून ऋतू बदलताना हवा नव्याने मोजावी, पण चंद्रपूर किंवा अकोल्याच्या भरदुपारी तापलेल्या टायरची हवा सोडू नये. तशी सोडली तर थंड झाल्यावर ती कमी भरते, टायर अधिक दबतो, अधिक तापतो आणि फुटण्याची शक्यता वाढते.

समृद्धी महामार्गाविषयी वेगळे सांगायला हवे. त्या रस्त्यावर मोटारींसाठी ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे. जुन्या गाडीच्या नायलॉन टायरसाठी तो वेग नाही. जायचेच असेल तर पहाटे, डाव्या मार्गिकेतून आणि आपल्या गाडीला शोभेल त्या वेगाने जावे. मात्र माझ्या मते जुन्या गाडीसाठी वर्धा-यवतमाळकडचे साधे रस्तेच बरे.

पुढचा टायर धावताना फुटला, तर स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरावे, ब्रेक दाबू नये, पाय ॲक्सिलरेटरवरून उचलावा आणि गाडी आपोआप मंदावू द्यावी.

१३. हवा गेलेल्या चाकावर जवळच्या गावापर्यंत गाडी नेता येते का?

नेऊ नये. ट्यूबचा काही वेळात चुरा होतो, रिमच्या कडेने टायरची बाजू कापली जाते आणि पॅचचे काम नव्या टायरवर जाते. रस्त्याच्या कडेला किंवा जॅक लावण्याजोग्या जवळच्या कडक जागेवर (प्रश्न ५) येण्यापुरतीच गाडी हलवावी.

याला एक अपवाद आहे. मेळघाटात किंवा ताडोब्याच्या परिसरातील जंगलातून जाणाऱ्या रस्त्यावर अंधार पडल्यावर चाक बसले, तर खाली उतरून वाकून काम करू नये. टायर आणि ट्यूब गेली असे समजून, पहिल्या गिअरमध्ये, माणसाच्या चालीने जवळच्या वननाक्यापर्यंत किंवा वस्तीपर्यंत गाडी न्यावी. राष्ट्रीय महामार्गावर अडकल्यास १०३३ आणि कोठेही तातडीच्या मदतीसाठी ११२ हा क्रमांक आहे.

१४. स्टेपनी लावली आणि तेही चाक पंक्चर झाले. आता?

यासाठीच प्रश्न ४ मध्ये नवी ट्यूब सांगितली आहे. ट्यूब सोबत असेल तर कोणताही पंक्चरवाला, अगदी दुचाकीचे काम करणाराही, ती बदलून देऊ शकतो. पोळा किंवा तान्ह्या पोळ्यासारख्या सणाला दुकाने बंद असतात. त्या दिवशी टॉमी आणि पायपंप यांवरच काम भागवावे लागते, म्हणून एकदा तरी स्वतः टायर काढून पाहावा. टायरला चीर गेली असेल तर जुन्या टायरचा कडा घासलेला तुकडा, म्हणजे गेटर, आतून ठेवून ताशी तीस-चाळीसच्या वेगाने घरी येता येते. तो टायर नंतर परत वापरू नये.

१५. गाडी चार महिने उभी होती; आता चालवताना चाके धडधडतात. टायर गेले का?

नायलॉन टायर एकाच जागी उभे राहिले की जमिनीला टेकलेला भाग चपटा होतो. दहा-पंधरा किलोमीटर चालून टायर गरम झाल्यावर धडधड थांबली, तर काळजीचे कारण नाही. थांबली नाही तर चपटेपणा कायमचा झाला आहे. उभ्या गाडीची हवा पूर्ण ठेवावी आणि ती पंधरवड्याने हातभर पुढे-मागे करावी. सुटी ट्यूब शंखजिरे लावून, घडीच्या जागा बदलत, डब्यात ठेवावी. गोठ्यात किंवा कोठीत उघडी ठेवलेली ट्यूब उंदीर कुरतडतात.

१६. बॅटरीवर चालणारा हवा भरण्याचा पंप जुन्या गाडीत चालतो का?

गाडी बारा व्होल्टची असेल तर चालतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील लष्करी जीप सहा व्होल्टच्या असत, त्यांत तो चालत नाही. काही जुन्या ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले असते. तेथे चिमटे बॉडीला न लावता थेट बॅटरीच्या टोकांना, खुणा पाहून लावावेत. पायपंप मात्र सर्वच गाड्यांत चालतो.

१७. आजोबांच्या लष्करी जीपची रिम बोल्टने जोडलेल्या दोन भागांची आहे. तिचे पंक्चर कसे काढावे?

ही सर्वांत धोक्याची रिम आहे. तिच्यावर दोन प्रकारचे नट दिसतात. आतल्या वर्तुळातील नट चाक हबला धरतात आणि बाहेरच्या वर्तुळातील नट रिमचे दोन भाग एकत्र धरतात. चाक बदलताना केवळ आतल्या वर्तुळातील नट काढावेत. टायरमध्ये हवा असताना बाहेरचे नट सोडले तर रिमचा अर्धा भाग प्रचंड जोराने उडतो आणि समोरच्या माणसाचा जीव जाऊ शकतो. टायर काढण्यापूर्वी व्हॉल्व्हची सुई काढून हवा शेवटच्या फुसकाऱ्यापर्यंत जाऊ द्यावी, मगच बाहेरच्या नटांना पाना लावावा. पुन्हा जोडल्यावर हवा भरताना रिमच्या समोर कोणी उभे राहू नये. बाहेरच्या नटांना लाल रंग लावून ठेवावा, आणि चाक पंक्चरवाल्याकडे सोपवताना या रंगाचा अर्थ त्याला आपण स्वतः सांगावा.